मूल वाचनात पुढं गेलंय, आता प्रकरणांचं पुस्तक कोणतं द्यायचं?

दुसरी-तिसरीतलं मूल एस.टी.वरच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, भज्यांच्या पुड्याचा कागद, डोळ्यांपुढे येईल ते वाचायला लागलं की घरात आधी कौतुक होतं. मग आईवडिलांना प्रश्न पडतो. चित्रांची पातळ पुस्तकं दहा मिनिटांत संपतात, तीच तीच किती वेळा द्यायची? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच घरांत इतकं वाचणारं हे पहिलंच मूल असतं. मोठ्या भावंडांची पुस्तकं घरात नसतात आणि कोणाला विचारावं हेही कळत नाही. अशा आईबापांसाठी, आजीआजोबांसाठी आणि शाळेत नव्यानं रुजू झालेल्या गुरुजी-बाईंसाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी घाई इथंच होते. तिसरीतली पोरगी पाचवीचं पुस्तक घडाघडा वाचते म्हटल्यावर तिच्या हातात जाडजूड कादंबरी येते, नाहीतर शिष्यवृत्तीचं गाइड. पण आठ वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलासारखं वाचता आलं, तरी त्याचं वय आठच असतं. भीती त्याला आठ वर्षांच्या मुलासारखीच वाटते, हसूही तशाच गोष्टींना येतं. म्हणून अशा मुलाला वरवर ढकलत नेण्यापेक्षा त्याला जमतं त्याच पातळीवर भरपूर आणि नाना तऱ्हेची पुस्तकं द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्याच विचारानं सांगते.

पहिली पायरी: मूल वाचताना ऐका

पुस्तक विकत घ्यायच्या आधी हे करा. पुढच्या इयत्तेचं बालभारतीचं मराठीचं पुस्तक कोणाकडून तरी मागून आणा, मुलानं न वाचलेला एखादा गोष्टीचा धडा काढा आणि त्याला एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही शेजारी बसायचं आणि मधे तोंड घालायचं नाही.

वेगाकडे फार लक्ष देऊ नका. जोडाक्षराशी आणि रफाराशी मूल कसं वागतं ते पाहा. ‘आश्चर्य’, ‘निष्कर्ष’ असा शब्द आला की ते थांबतं, जुळवतं आणि पुढं जातं, की अंदाजानं काहीतरी बोलून सुटतं? चुकीचं वाचल्यावर दोन शब्द पुढं जाऊन स्वतःच मागं येतं का? हे फार चांगलं लक्षण आहे. अर्थ लागत नाही हे त्याला कळलं, म्हणूनच ते मागं आलं. अवतरणचिन्हांतलं बोलणं आलं की आवाज बदलतो का, तेही ऐका.

पान संपल्यावर प्रश्नोत्तरं घेऊ नका. ‘काय झालं गं यात?’ एवढंच विचारा. आणि इथं खानदेशातल्या घरांसाठी एक गोष्ट मला आग्रहानं सांगायची आहे. मुलानं गोष्ट अहिराणीत सांगितली, लेवा बोलीत सांगितली, भिलीत किंवा पावरीत सांगितली, तर तिथंच थांबवून ‘नीट मराठीत सांग’ म्हणू नका. पुस्तकात ‘तो मुलगा घरी पळून गेला’ असं असेल आणि पोरगी ‘मंग तो पोऱ्या घर पयी गया’ असं सांगत असेल, तर तिला ते वाक्य शंभर टक्के समजलं आहे. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवणारं मूल कधीकधी फक्त पाठांतर करत असतं. घरच्या बोलीत सांगायचं तर आधी अर्थ पोटात जावा लागतो.

वाचन अडखळत होत असेल आणि सांगताना तपशील सुटत असतील, तर प्रकरणांच्या पुस्तकाला अजून दोन-तीन महिने थांबा. तोवर गोष्टींचे छोटे संग्रह द्या. काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: पुस्तक उघडून तपासा

मुखपृष्ठावर ‘वयोगट ८ ते १२’ छापलेलं असतं. त्यावर भिस्त ठेवू नका, कारण आठ आणि बारामध्ये मुलाचं अख्खं जग बदलतं. पुस्तक हातात घ्या, शक्य असेल तर मुलासोबत घ्या.

मधलं एखादं पान उघडा. मुलानं ते मनात वाचावं आणि अडलेल्या दर शब्दाला एक बोट मिटावं. पान संपेपर्यंत एखादंच बोट मिटलं तर पुस्तक सोपं आहे, सुटीत आरामात वाचायला छान. दोन-तीन मिटली तर नेमकं. पाचही मिटून मूठ झाली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. माणसांची, गावांची नावं यात मोजू नयेत. आपल्याकडे आणखी एक सूट द्यावी लागते. मराठीतली बरीच जुनी बालपुस्तकं पुण्याची नाहीतर कोकणाची. धाब्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ‘पडवी’, ‘माजघर’, ‘आगर’ हे शब्द अडणारच. ती वाचनातली कमजोरी समजू नका. असे चार शब्द आधीच सांगून ठेवले की वाट मोकळी होते.

बोटं मोजून झाल्यावर छपाईकडे बघा. तिसरी-चौथीच्या पाठ्यपुस्तकाचं पान शेजारी ठेवून तुलना केली की लगेच कळतं. अक्षर फार बारीक, ओळी दाटीवाटीनं, असं असेल तर चांगलं वाचणारं मूलही दमतं, आणि घरचे म्हणतात याला पुस्तक आवडलं नाही. पहिलं प्रकरणांचं पुस्तक चाळीस ते साठ पानांचं, मधे मधे चित्रं असलेलं, आणि एक प्रकरण एका बैठकीत म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत संपेल असं असावं. प्रकरण संपलं की मुलाला आपण काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटतं आणि उद्यासाठी ओढ राहते. शंभराच्या पुढची पानं नंतर.

मराठीपुरत्या दोन बाबी इथं मुद्दाम सांगते, त्या सहसा कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात ‘केले’, ‘गेले’, ‘झाले’ असतं, तर आजच्या गोष्टींच्या पुस्तकांत ‘केलं’, ‘गेलं’, ‘झालं’. नवं वाचणारं मूल या अनुस्वारांना ‘केलम्’ म्हणून अडखळतं. पहिलं पान तुम्ही वाचून दाखवलं की त्याला ती चाल सापडते. दुसरी बाब जुन्या पुस्तकांची. आताचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली ठरले. त्याआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार जागोजागी दिसतात. इंटरनेटवर फुकट मिळणारी स्कॅन केलेली पुस्तकं पुष्कळदा याच काळातली असतात. मुलाला ती देऊ नका, त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती शोधा.

आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ लिहिलं आहे का, तेही बघून घ्या. जगप्रसिद्ध कादंबऱ्यांच्या चाळीस पानी संक्षिप्त आवृत्त्या स्वस्तात मिळतात, पण त्यांत बहुतेक वेळा फक्त घटना उरतात. माणसं, संवाद, गंमत सगळं गळालेलं असतं. माझ्या मते त्यापेक्षा मुळातच मुलांसाठी मराठीत लिहिलेलं छोटं पुस्तक केव्हाही चांगलं.

तिसरी पायरी: मजकूर मुलाला पेलेल का?

अख्खं पुस्तक आधी वाचायला वेळ नसेल, तर पहिलं प्रकरण, शेवटचं आणि मधलं एखादं एवढं तरी वाचा. कोणाचा मृत्यू आहे का, क्रूरपणा कितपत आहे, कोणाच्या रंगावरून, जातीवरून, जाडेपणावरून केलेले विनोद आहेत का, हे पाहायचं. जुन्या पुस्तकांत मास्तरांचा मार अगदी सहज येतो. तो आला म्हणून पुस्तक बाजूला ठेवायची गरज नाही, पण त्यावर मुलाशी बोलायला तुम्ही जवळ हवं.

उदाहरण म्हणून ‘श्यामची आई’ घेऊ. आपल्या भागात कोणी पुस्तक भेट द्यायचं म्हटलं की बहुधा हेच देतात, आणि त्याला कारणही आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांवर त्यांनी जीव लावला, ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. खानदेशानं त्यांना आपलं मानलं आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिलं. रचना पाहिली तर प्रकरणांचं पुस्तक कसं असावं याचा नमुनाच आहे. एकेक रात्र, एकेक आठवण, अशा बेचाळीस रात्री.

म्हणून वाचायला येतं त्या दिवशी आठ वर्षांच्या मुलाच्या हाती ते एकट्याला सोपवावं का? मी नाही म्हणेन. सुरुवातीच्याच रात्रींत लहान भावाचा मृत्यू आहे, पुढं घराची परवड आहे, आणि शेवटाकडे आई जाते. शब्द सोपे आहेत, दुःख सोपं नाही. काही हळवी मुलं यानंतर रात्र-रात्र आईला चिकटून झोपतात. त्यामुळं या पुस्तकातल्या काही रात्री तुम्ही निवडून मोठ्यानं वाचा. ‘मुकी फुले’ वाचा, ‘श्यामचे पोहणे’ वाचा. पाण्याला भिणारा श्याम मुलांना लगेच आपलासा वाटतो. बाकीचं पुस्तक दहा-अकराव्या वर्षी मूल आपणहून उचलेल, आणि तेव्हा ते रडलं तर रडू द्यावं.

साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळं त्यांची पुस्तकं आता अनेक प्रकाशक छापतात. किमतीत आणि छपाईत खूप फरक असतो. सगळ्यात स्वस्त प्रत घ्यायच्या आधी दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवून कागद, अक्षर आणि रात्री पूर्ण बेचाळीस आहेत का, हे तपासा.

चौथी पायरी: सुरुवात कशानं करायची?

चित्रांच्या पुस्तकांकडून प्रकरणांकडे जाताना मधला पूल म्हणून माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मला सगळ्यात भरवशाची वाटतात. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही अगदी लहानांची, ती मागं पडली असतील तर ‘शाम्याची गंमत’सारख्या गोष्टींकडे वळा. घरातली माणसं, भांडणं, लहान मुलाच्या डोक्यात चाललेले विचार, हे सगळं त्यात खरं आहे, आणि उपदेश कुठंही अंगावर येत नाही. २०१४ साली साहित्य अकादमीनं त्यांच्या मराठी बालसाहित्याचा गौरव केला. निरनिराळ्या लेखकांचे चांगले उतारे एकत्र चाखायचे असतील तर त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत. मुलाला कोणाचं लेखन आवडतं ते त्यातून कळतं, आणि पुढचं पुस्तक निवडणं सोपं होतं.

त्यानंतर मालिका. एकच नायक असलेली पाच-सात पुस्तकं मिळाली की मुलाचं वाचन वेगानं वाढतं, कारण दर वेळी नवी माणसं ओळखून घ्यायचे कष्ट पडत नाहीत. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ इथं फार उपयोगी. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, उपद्व्याप भरपूर, आणि बोक्याचं मन चांगलं. एक गोष्ट वाचून पुस्तक आठवडाभर पडून राहिलं तरी धागा तुटत नाही. धागा धरून ठेवायची सवय झाली की भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या. फुरसुंगीचा हा सडपातळ, सायकलवरून भटकणारा बनेश फेणे मुलांना पुढचं पान उलटायला लावतो. मालिका मोठी आहे, त्यामुळं ‘आता काय?’ हा प्रश्न बरेच महिने पडत नाही. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ सुंदरच आहे, पण तो काळ जुना, आणे-पैशांचा. तो आजोबांसोबत वाचावा.

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ मराठीत आलेलं आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, छोटी छोटी प्रकरणं. शाळेत जरा न बसणाऱ्या मुलाला तर ते मी हमखास देते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या पोरांना डब्यातली शाळा म्हटल्यावर वेगळंच कुतूहल वाटतं. मात्र शेवटी युद्ध आणि बॉम्बहल्ला येतो, तेव्हा जवळ राहा. ‘एक होता कार्व्हर’, ‘चौघीजणी’ आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन ही पुस्तकं मुलाला वाचता येतील असं दिसलं तरी राखून ठेवा. लंपन वाचायला वयात येण्याच्या उंबरठ्यावरचं मन लागतं. आधी उरकून टाकलं तर नंतर मूल ‘ते वाचलंय मी’ म्हणून त्याकडे परत वळत नाही.

काही मुलांना गोष्टी नकोच असतात. त्यांना साप, यंत्रं, ग्रह, धरणं हवी असतात. त्यांच्यामागं कथा-कादंबरी घेऊन लागू नका. माहितीचं चांगलं पुस्तक सलग वाचणं हेही तेवढंच मोठं वाचन आहे.

आणि कविता विसरू नका. बालकवी धरणगावचे, बहिणाबाई असोद्याच्या. ‘बहिणाबाईची गाणी’ १९५२ साली छापून आली, ती रचणाऱ्या माउलीला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुण्याच्या मुलाला ‘डोया’, ‘कयला’ अडतात, आपल्या मुलाच्या आजीला ते घरचेच शब्द. मुलानं वाचायचं आणि अर्थ आजीनं सांगायचा, असं एखादं पुस्तक प्रत्येक घरात असावं असं मला मनापासून वाटतं.

पाचवी पायरी: पुस्तकं मिळवायची कुठून?

सगळी विकत घ्यायची गरज नाही, आणि वेगानं वाचणाऱ्या मुलासाठी ते कोणाला परवडणारही नाही. जळगावात व. वा. जिल्हा वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत शासनाच्या अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं असतात. तिथं जाऊन बालविभाग आहे का आणि मुलाच्या नावानं सभासद होता येतं का, हे विचारा. कार्ड मुलाच्या नावाचं असलं आणि पुस्तक त्यानं स्वतः कपाटातून काढलं, की त्याचा रुबाब वेगळाच असतो. जिल्हा परिषद शाळेतही पुस्तकांचं कपाट असतं. ते कुलपात असेल तर मुख्याध्यापकांना भेटून ‘मी आठवड्यातून एकदा येऊन पुस्तकं देण्या-घेण्याची नोंद ठेवतो’ म्हणा. किल्ली मिळते.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. गोष्ट, कविता, विज्ञान, कोडी, सगळं एका अंकात, तेही परवडणाऱ्या किमतीत. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रकरणांच्या पुस्तकाला अजून दम पुरत नसेल, तर ‘किशोर’मधली क्रमशः चालणारी गोष्ट ही उत्तम तालीम आहे. सातपुड्यातल्या पाड्यावर, जिथं वाचनालयच नाही, तिथं प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ फोनवर उघडा. मराठी पुस्तकं तिथं फुकट आहेत, त्यांना वाचनाच्या पातळ्या दिलेल्या आहेत आणि नेटवर्क मिळेल तिथं उतरवून घेऊन नंतर वाचता येतात. सगळ्यात वरच्या पातळीपासून सुरुवात न करता एक पायरी खालून करा.

सहावी पायरी: घरी वाचायचं कसं?

नव्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं तुम्ही वाचा. सुरुवातीलाच खूप माणसं, गाव, नाती अंगावर येतात आणि मुलं तिथंच पुस्तक सोडतात. ते ओझं तुम्ही उचललं की तिसऱ्या प्रकरणापासून मूल स्वतः पळतं. नंतर एक पान तुमचं, एक पान त्याचं. तुम्हाला वाचायला जमत नसेल तर मुलानं वाचावं, तुम्ही कापूस निवडता निवडता ऐकावं आणि खरोखर ऐकावं. ‘मग त्या पोराचं काय झालं?’ असं दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत की मुलाला कळतं, आपलं वाचणं घराला हवं आहे.

आखाजीनंतरचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचे दिवस यासाठी सोन्याचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, दुपारी बाहेर पडता येत नाही. बारा ते चार या वेळात घरात पुस्तक असलं तर मोबाइलची आठवण कमी येते. सुटी लागायच्या आधीच वाचनालयातून पुस्तकं आणून ठेवा.

बरीच पानं वाचूनही पुस्तक रुचत नसेल तर सोडू द्या. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या. ‘तात्पर्य लिही’, ‘दहा नवे शब्द वहीत काढ’ हे सांगू नका, शाळेत ते भरपूर होतं. मधेच चंपक किंवा अगदी लहानपणीचं चित्रांचं पुस्तक काढून बसलं तर ते मागं गेलं असं समजू नका. मोठी माणसंही दमल्यावर हलकं वाचतात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं थोडं वेगळं असतं. इंग्रजीत ती पुढं असतात आणि मराठीत दोन इयत्ता मागं, त्यामुळं मराठी पुस्तक त्यांना ‘बाळबोध’ वाटतं आणि तरीही जड जातं. त्यांच्यासाठी मजकूर वयाचा पण वाक्यं छोटी असं पुस्तक शोधा. बोक्या इथंही चालतो. सुरुवातीला वाचायचं काम निम्म्याहून जास्त तुमच्याकडे ठेवा.

एक वही मात्र ठेवा, मुलाच्या हस्ताक्षरात. पुस्तकाचं नाव, लेखक, आणि आवडलं की नाही याची एक खूण. चार-सहा महिन्यांनी ती वही घेऊन वाचनालयात जा आणि ग्रंथपालांपुढे ठेवा. ‘आठ वर्षांच्या मुलासाठी काहीतरी द्या’ म्हटल्यावर ते काय देणार? पण या वहीत कशावर खूण आहे आणि कशावर नाही हे पाहिलं, की पुढची चार पुस्तकं ते स्वतः उठून कपाटातून काढून देतात.